नाव घेतल्याशिवाय गाडी निघत नाही

चिखलात रुतलेली गाडी बाहेर काढायला काय लागतं? तुम्ही म्हणाल दोरखंड. कोणी ट्रॅक्टर म्हणेल, कोणी जेसीबी. आमच्या शेजारचे हसूरामकाका म्हणतात, नाव लागतं. तुमच्या घरी जे कोणी तुमची वाट बघत असेल, त्याचं नाव. गाडीला हात लावणाऱ्या प्रत्येकाने 'तीन' म्हटल्याबरोबर आपापल्या माणसाचं नाव बेंबीच्या देठापासून ओरडायचं. ओरडणार नसाल तर काका फावडं खांद्यावर टाकून सरळ घरी जातात. मग तुम्ही बसा चाक फिरवत.

मी मूळची साताऱ्याकडची. खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. चार वर्षांपूर्वी काकांच्या शेजारची खोली भाड्याने घेतली तेव्हा घरमालक म्हणाले होते, जागा अगदी शांत आहे. आहे ना! दिवाळीपासून मेपर्यंत. पावसाळ्यात मात्र आमच्या ओट्यासमोरच्या वळणावर दर दोन-तीन दिवसांनी एक गाडी रुतते. रस्ता अरुंद आणि कडेला हिरवंगार गवत. बाहेरच्या माणसाला हिरवं दिसलं की जमीन कडक वाटते. समोरून टेंपो आला की तो खुशाल गवतावर चाक घालतो. त्या गवताखाली जुन्या भातखाचराचा चिखल आहे हे त्याला चाक गेल्यावर कळतं.

काकांना ते इंजिनाच्या आवाजावरून कळतं. जेवत असले तर घास तसाच हातात धरून कान देतात. "पिकप हाय. मागचा डावा गेला." ताट झाकून उठतात. अंगात गंजी, खाली खाकी हाफ पँट, खांद्यावर फावडं, हातात बांबू आणि बगलेत भाताच्या तुसाचं पोतं. गिरणीतून आणलेल्या तुसाची अशी वीस-पंचवीस पोती त्यांच्या पडवीत रचलेली असतात. बाकीची माणसं पावसाळ्यासाठी लाकडं भरून ठेवतात, काका तूस भरतात.

गाडीपाशी पोचल्यावर नमस्कार-चमत्कार काही नाही. पहिला शब्द, "रेस बंद!" आणि लगेच दबक्या आवाजात, "बोंबलू नको. चिखलाला ऐकू येतं." ड्रायव्हर एकदम गप्प होतो. मग काका चपला काढून, डोळे मिटून चिखलात एक पाय घालतात आणि नाडी बघितल्यासारखे उभे राहतात. "वर नुसता लोनी हाय, खाली मुरूम. निघंल." मागच्या चाकांची थोडी हवा सोडतात, चाकापुढे उतार खणतात, त्यात तूस ओततात, वर रिकामी पोती अंथरतात. हे सगळं यथासांग झालं की कंबरेवर हात ठेवून प्रश्न, "आता सांगा, घरी कोन वाट बगतंय?"

एकदा मी त्यांना समजावायला गेले. "काका, तुसामुळे घर्षण वाढतं, म्हणून गाडी निघते. नावाचा काही संबंध नाही."

काकांनी नीट ऐकून घेतलं. "बरं. मंग पुढच्या टायमाला तुज्या घर्षनाला सांग ढकलायला."

पुढच्या खेपेला मी ढकलायला गेले आणि निमूटपणे "आई!" म्हणून ओरडले. गाडी निघाली. विज्ञानाच्या शिक्षिकेने असं करणं शोभत नाही, हे मला कबूल आहे.

फार्महाऊसवाला एक साहेब मात्र काकांच्या प्रश्नावर बराच वेळ विचार करत राहिला होता. शेवटी म्हणाला, "कुत्रा आहे."

"नाव?"

"ब्रूनो."

"चालंल. वाट बगतो ना?" काका म्हणाले, आणि तो एवढा मोठा माणूस पावसात उभा राहून "ब्रूनोऽऽ" म्हणून असा काही ओरडला की गाडी निघाल्यावर स्वतःच डोळे पुसत होता.

गाडी निघाली की काका नखशिखांत चिखल लेवून परत येतात. काकी जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा-सून पनवेलला. त्यामुळे त्यांच्या अंघोळीचं पाणी तापवायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. मी ओट्यावरून कुठवर आलं ते बघत राहते आणि गाडी हलली की बंब पेटवते. मला शाळेतून यायला उशीर झाला की तेही ओट्यावर असतात. "आज उशीर?" एवढंच विचारतात आणि आत जातात. मला ते 'बाय' म्हणतात. चार वर्षांत दुसरी हाक नाही. त्यांना माझं नाव ठाऊकच नसावं असं मी धरून चालले होते.

गेल्या श्रावणातल्या एका रविवारी, साडेदहाच्या सुमाराला, झेंडूची माळ घातलेली एक चकचकीत पिकअप त्या गवतावर गेली.

खोपोलीची मंडळी मुलगी बघायला निघाली होती. गाडी चालवणारा संतोष हाच नवरामुलगा. शेजारी आई आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले मामा. मागे हौद्यात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोन चुलतभाऊ, एकाच्या मांडीवर पेढ्यांचा बॉक्स. संतोषची आधीची तीन स्थळं मोडली होती. ही चौथी मुलगी, दर्शना, पुढच्या वाडीतली. तिच्या आजोबांनी बजावलं होतं, बाराच्या आत या. एक वाजता कशेळ्याचं दुसरं स्थळ येणार आहे.

"त्यांची मोटार हाय म्हनतात," संतोषची आई रडकुंडीला येऊन म्हणाली. "आमची ही पिकप, ती पन अशी!"

काकांनी चाक पाहिलं. ते अर्धं आत होतं. मामांना त्यांनी पँट वर करायला लावली, भावांना खुर्च्यांवरून उतरवलं. पाऊण तास खणणं, तूस, पोती. पुरे पडेनात म्हणून मी पडवीतून आणखी पोती ओढत आणली. मग प्रश्न.

मामा म्हणाले, "आमची मंडळी, कुसुम." एक भाऊ म्हणाला, "आजी." दुसरा लाजून हळूच म्हणाला, "पूजा."

"कोन रं पूजा?" संतोषची आई गर्रकन वळली.

"ते मागनं इचारा, वैनी," काका म्हणाले. "डायवर, तुजा कोन?"

संतोष म्हणाला, "आई."

"ती तं हितंच हाय! हितं हाय ती चालत नाय. घरी वाट बगनारा पायजे."

"मग कोनी नाय, काका."

काकांनी मान हलवली. एक, दोन, तीन झालं. "कुसुम! आजी! पूजा! आई!" असा एकच गलका उठला, त्यातली 'आई' माझी. गाडी हातभर वर आली आणि परत मागे बसली. मामांचे पांढरे कपडे आता चिखलाच्या रंगाचे झाले होते. घड्याळात साडेअकरा वाजून गेले होते.

"डायवरनं नाव नाय घेतला," काकांनी निदान केलं.

संतोष स्टेअरिंगवर डोकं टेकून बसला. मग खिडकीतून तोंड काढून, कानापर्यंत लाल होत म्हणाला, "काका, एकजन वाट बगत असंल. पन अजून आमी बघितला नाय एकमेकाला. नाव घेतलेला चालंल का?"

काका विचारात पडले. असा प्रसंग त्यांच्यावरही आला नव्हता. "वाट बगते ना?"

"बारापर्यंत तरी बगंल."

"मंग घे. दुसऱ्या गेरला टाक. रेस नको, हळू. एक… दोन… तीन!"

"दर्शनाऽऽऽ!"

काय तो आवाज! झाडावरचे बगळे उडाले. आम्ही सगळ्यांनी खांदे लावले, चाकाने पोती चावली, गाडी थरथरली, आणि हुंकार देत रस्त्यावर जाऊन उभी राहिली. भाऊ चिखलात नाचायला लागले. मामा चिखलाच्याच हातांनी मला पेढा भरवायला आले. आणि पिकअपच्या पुढ्यात छत्री घेऊन एक म्हातारे उभे होते. मंडळी का आली नाहीत म्हणून बघायला आलेले दर्शनाचे आजोबा.

"आजून पसंती झाली नाय आन् आमच्या पोरीचा नाव घेतो काय रं?"

सगळे गार. आजोबांनी चिखलातल्या काकांकडे पाहिलं. "हसूराम, पोरगा कसा हाय?"

काका तिथूनच म्हणाले, "सांगितल्यावर रेस बंद केली. ऐकनारा हाय."

आजोबांनी छत्री मिटली, मामांना मागे हौद्यात धाडलं आणि पुढच्या सीटवर चढून बसले. "चला. बाराला धा कमी हायत." पिकअप वाडीच्या दिशेने गेली. तिचा हॉर्न बराच वेळ ऐकू येत होता. दिवाळीनंतर लग्न झालं. पण मला सांगायचंय ते पुढचं.

मी पोती गोळा करत होते. काका अजून चिखलातच, बांबूला धरून उभे. मला वाटलं, खड्डा बघतायत.

"काका, चला की."

"तू हो पुढं."

"अहो, चला."

काकांनी बांबूवर भार टाकून पाहिला. मग म्हणाले, "रुतलोय."

चाक निघालेल्या खड्ड्यात त्यांचे दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत गेले होते. गाडी निघाली तेव्हापासून.

"अहो, मग मघाशी बोलला का नाहीत? सहा माणसं होती इथे!"

"त्यांचा टायम झालेला. मला काढत बसले असते तं कशेळ्यावाला पोचला असता."

मला हसू आवरेना. एवढ्या गाड्या काढणारा माणूस स्वतःच अडकलेला! मी कंबरेवर हात ठेवले आणि त्यांच्याच आवाजात विचारलं, "आता सांगा, घरी कोन वाट बगतंय?"

काका हसले नाहीत. आमच्या दोन घरांकडे त्यांनी पाहिलं, दोन्ही दारं ओढून घेतलेली होती.

"कोन नाय गं," ते म्हणाले. "तू तं हितंच हायस."

माझं हसू जागच्या जागी थांबलं. चार वर्षं मी ओट्यावर उभी राहून त्यांच्याकडे बघत होते, आणि याला वाट बघणं म्हणतात हे त्यांना कळत होतं. मला मात्र मी नुसतं पाणी तापवते असं वाटत होतं. मला फार लाज वाटली, आणि खरं सांगते, त्याहून जास्त बरं वाटलं.

"थांबा," मी म्हटलं, आणि हातातली पोती टाकून घराकडे पळत सुटले. घसरले, उठले, परत पळाले. ओट्यावर चढले, कठड्याला धरून वळले आणि ओरडले, "काका, आता घ्या!"

पन्नास पावलांवर चिखलातला तो म्हातारा माणूस क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग बांबू नीट रोवला.

"एक… दोन… तीन…"

आणि त्यांनी माझं नाव घेतलं. 'बाय' नाही. "सुनंदाऽऽऽ!" म्हणून, संतोषपेक्षाही मोठ्याने.

पाय निघाले. मी आत जाऊन बंब पेटवला.