सगुणाबाईने घटिका कोंडिली त्याची हकीकत

श्री. प्रथम गजाननास नमन, मग आदिमायेस नमन, आणि जो राजास वा रंकास कोणासही अडून राहत नाहीं त्या काळास शेवटीं नमन, कारण तो मागें राहिला म्हणोन रुसत नाहीं.

शके सोळाशें चाळीस, विलंबीनाम संवत्सर, मार्गशीर्षमास. ते समयीं राज्यांत स्वस्थता होती आणि महाराजांच्या लाडक्या हत्तीस नवा सुळा फुटला, तेणेंकरून महाराज बहुत संतोष पावले आणि आज्ञापिते जाहले कीं, सर्वांस नऊ दिवस सुटी. मग कचेऱ्यांस कुलुपें पडलीं, आणि कारकुनांनी कानावरच्या लेखण्या उतरविल्या, आणि जे एरवीं कामावर झोंपत ते घरीं झोंपूं लागले. परंतु त्याच आज्ञेंत शेवटच्या ओळीस लिहिलें होतें कीं, नवव्या दिवशीं तिन्हीसांजेचा टोला पडतांच सुटी सरावी आणि फौजेने घाटाखालीं मोहिमेस कूच करावें. घाटाखालच्या मागल्या मोहिमेंतून शंभरीं सात माणूस परत आलें होतें. त्या फौजेंत शिदोजी म्हणोन एक बारगीर होता आणि सगुणाबाई त्याची बायको, सहावा महिना चालू. आठ दिवस दोघें घरींच राहिलीं आणि नववे दिवशीं शिदोजी म्हणाला, "चल, आज शहर पाहूं. कामाच्या पायीं कधीं धड पाहिलंच नाहीं."

मग उभयतां बाहेर पडलीं आणि स्वस्थपणें हिंडलीं. कासाराकडे हिरव्या बांगड्या भरल्या, आणि तळ्याच्या पायरीवर बसोन रेवड्या खाल्ल्या, आणि माशांस चुरमुरे टाकिले, आणि शिदोजीने डोंबाऱ्याचा खेळ दोनदां पाहिला. पोटांतलें लेंकरूं ढोल वाजतांच ढुशा देई आणि सगुणाबाई हसे. शिदोजी म्हणाला, "आज मन मोडायचं नाहीं तुझं. बाजारांत हवं तें माग."

ती म्हणाली, "उद्याचा दिवस कुठं विकत मिळतो का बघा."

शिदोजी हसला आणि तिचा हात धरोन पुढें चालूं लागला.

हिंडतां हिंडतां दोघें घटिकाशाळेपाशीं आलीं. तेथें पाण्याने भरलेलें मोठें घंगाळ, आणि त्यांत तांब्याचें हलकें पात्र तरंगे, आणि पात्राच्या बुडास केसाएवढें छिद्र. त्या छिद्रांतून पाणी चढोन पात्र बुडालें म्हणजे एक घटिका भरली, मग कांशाच्या तासावर मोगरीने टोला द्यावा, ऐसी वहिवाट. आणि या राज्याची रीत ऐसी कीं टोला पडल्याविना सूर्याने ढळूं नये. सूर्य झाला तरी सरकारचाच चाकर. घटिकेवर बाळंभट म्हणोन म्हातारा बसत असे. तो यांस पाहोन म्हणाला, "साऱ्या राज्याला सुटी, आणि मी मेला इथं पाण्याकडे बघत बसलोय! पोरांनो, जरा बसा. कोपऱ्यावर जिलबी तळताहेत, वास सहन होत नाहीं. शेवटची घटिका आहे. पात्र बुडालं कीं एक टोला हाणा, बास." ऐसें बोलोन तो गेला, आणि शिदोजी खांबास टेकोन क्षणभर डोळे मिटता जाहला. पात्रांत पाणी चढत होतें. सगुणाबाईने धन्याच्या तोंडाकडे पाहिलें. बायका कुंकू टिकावें म्हणोन कपाळीं आधीं मेण लावितात, तें मेण तिने नखाने खरवडिलें, आणि पात्र उचलोन छिद्रांत दाबिलें, आणि पात्र पुन्हा पाण्यावर ठेविलें. बाळंभट बोटें चाटीत आला. म्हणाला, "अजून तरंगतंय? मग आणखी पावशेर जिलबी होईल," आणि उलट पावलीं गेला.

सूर्य कासराभर वर होता तो तेथेंच राहिला. लोक बहुत हर्षले. सुटी सरेना, यापरतें सुख कोणतें? शिदोजीने डोळे उघडिले, आणि उभयतां पुन्हा हिंडावयास निघालीं, आणि शिदोजीने विडा खाल्ला आणि मिशीस हात लावोन म्हणाला, "आजचा दिवस कसा झकास गेला, नाहीं?" सगुणाबाईस ब्रह्मानंद जाहला. मग पेठेंतून पुढें जातां एका मांडवांत गोरज मुहूर्ताचें लग्न लागत होतें. अंतरपाट धरलेला, आणि वऱ्हाडी मुठींत अक्षता घेऊन उभे, आणि भटजी मंगलाष्टकें म्हणोन संपवीत आणि सांज जाहली नाहीं म्हणोन पुन्हा पहिल्यापासोन आरंभीत. कोणी कंटाळलें नव्हतें, कोणी पाय बदलीत नव्हतें. नवरीच्या हातांतला हार कांपत मात्र होता. वेशींत गाई येऊन उभ्या होत्या, आंत पाऊल टाकीनात, आणि घरोघर वासरें हंबरत होतीं. भिंतीवरच्या सांवल्या बोटभरही सरकल्या नव्हत्या. सगुणाबाई थबकली. ती म्हणाली, "अहो, हें बरं दिसत नाहीं."

शिदोजीने मिशीस हात लाविला आणि म्हणाला, "आजचा दिवस कसा झकास गेला, नाहीं?"

तेंच हसूं, तोच आवाज. तिने विचारिलें, "बाळाचं नांव काय ठेवायचं?" त्याने मिशीस हात लाविला. "आजचा दिवस कसा झकास गेला, नाहीं?" मग तिने पोटावर हात ठेविला आणि थांबली. बाजूस ढोल वाजत होता. पोटांत कांहीं हललें नाहीं. तिने दोन्ही हात ठेविले, आणि दाबोन पाहिलें, आणि उभ्या पेठेंत मोठ्याने म्हणाली, "अगं आई, मी काय करून बसलें!" भय वाटलें तें असें कीं तिला रडूंही फुटेना.

मग ती धन्याचा हात धरोन धावली, आणि तो हसत हसत मागें आला. घटिकाशाळेंत येऊन तिने पात्र उचलिलें आणि नखाने मेण उकरोन काढिलें. पात्र पाण्यावर ठेविलें. पाणी बारीक धारेने चढूं लागलें. शिदोजीने डोळे मिचकाविले आणि म्हणाला, "सगुणे, हात कशाने भिजले तुझे? आणि इतकी दमलीस कां?"

"कांहीं नाहीं," ती म्हणाली. "बसा इथं. जवळ बसा." इतक्यांत पोटांत ढुशी बसली. तिने त्याचा हात घेऊन तेथें ठेविला.

"अगं, लाथ मारतंय कीं!" शिदोजी म्हणाला आणि लहान पोरासारखा हसला, आणि हें हसूं नवें होतें. पात्र बुडालें. बाळंभटाचा पत्ता नव्हता. शिदोजीचा हात अजून तेथेंच होता. सगुणाबाईने मोगरी उचलिली आणि आपल्या हाताने टोला हाणिला.

सूर्य ढळला, आणि मांडवांत अक्षता पडल्या, आणि गाई घरीं गेल्या, आणि वेशीबाहेर शिंगें वाजलीं. शिदोजी "येतों" म्हणाला आणि गेला.

मोहीम बुडाली. शिदोजी परत आला नाहीं. फाल्गुनांत सगुणाबाईस मुलगी जाहली. पुढें बाळंभट जिलबीच्या पायीं अंथरुणास खिळला तेव्हां घटिकेवर कोण बसावें हा प्रश्न पडला, तो सगुणाबाई मुलीस मांडीवर घेऊन आपण होऊन बसली. सरकारांतून नेमणूक जाहली, हाताखालीं दोन माणसें मिळालीं.

तात्पर्य, ती सुटी नऊ दिवसांची आणि दप्तरीं नऊच दिवस लिहिली. चाळीस वर्षें सगुणाबाईचा टोला पळभर चुकला नाहीं. इतर टोले कोणीही हाणीत, परंतु तिन्हीसांजेचा टोला तिने दुसऱ्या कोणास हाणूं दिला नाहीं.