बटण दाबण्याआधी

आर्लनच्या घरगाडीत कायदा एकच होता आणि तो लोर्नाने केला होता. बटण दाबलं की गाडीची एक भिंत सोफ्यासकट बाहेर सरकायची, पुन्हा दाबलं की आत यायची. ते दाबण्याआधी आर्लनने ओरडायचं, "मांजर?" लोर्नाने जुनिपरला डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, "दिसलं!" मगच बोट बटणावर. जुनिपर लोर्नाकडे चौदा वर्षं होती, आर्लन नऊ. घरात आधी कोण आलं, याची आठवण लोर्ना अधूनमधून करून द्यायची.

त्या सकाळी जायचं होतं वीस मैलांवर, लाल खडकांच्या उद्यानात, आणि संध्याकाळी परत. लोर्ना घरगाड्यांच्या तळावरच्या न्हाणीघरात गेली होती. आर्लनने दार सताड उघडं टाकून पायपुसणं झटकलं, तळावरची आपली जागा कुणी बळकावू नये म्हणून बाहेर घडीची खुर्ची मांडली आणि आत येऊन बटण दाबलं. एवढ्याशा प्रवासाला कसला आलाय कायदा!

"खुर्ची कशाला मांडलीस?" निघताना लोर्ना म्हणाली. "या उजाड माळावर तुझी जागा कोण चोरणार आहे?"

"असू दे गं."

उद्यानात गाडी थांबली. समोर लाल, गुलाबी, पिवळे डोंगर उन्हात झळाळत होते. इंजिन बंद झालं आणि सोफ्यामागच्या भिंतीतून आवाज आला. म्याँव.

लोर्ना सावकाश वळली. "आर्लन, बटण दाबताना विचारलं होतंस?"

"तू न्हाणीघरात होतीस..."

"म्हणजे नाही. माझ्या जुनिपरला भिंतीत चिणलंस तू!"

आर्लनने घाईघाईने बटणाकडे हात नेला, तेवढ्यात तिकीट तपासायला आलेल्या वनरक्षक रोसेंडाबाई दारातूनच ओरडल्या, "हात लावू नका! चिरडेल ते!" त्यांनी भिंतीला कान लावला. "जिवंत आहे. हाताने फिरवायची दांडी असेल ना? केसभर फिरवा, थांबा, पुन्हा केसभर."

दांडी गाडीच्या पोटाखाली होती. आर्लन तापल्या वाळूवर उताणा पडून फिरवू लागला. वरून "थांब!" आलं की थांबायचा आणि पुन्हा म्याँव ऐकू येईपर्यंत त्याचा जीव थाऱ्यावर नसायचा. येणारेजाणारे रंगीत डोंगरांकडे पाठ करून त्याच्या पायांचे फोटो काढत होते. असे दोन तास गेले. मग लोर्नाने माशांचा डबा उघडला आणि फटीतून मांजर बाहेर आलं.

"सुटलो!" आर्लन गाडीखालून ओरडला.

"आर्लन," लोर्नाचा आवाज एकदम बारीक झाला. "हे पिवळं आहे."

राखाडी जुनिपर गाडीत कुठेच नव्हती. आर्लनला ते उघडं दार आठवलं. तेवढ्या वेळात एक मांजर आत आलं होतं आणि एक बाहेर गेलं होतं.

परतताना लोर्ना म्हणाली, "तिथे कोल्हे आहेत रे." आर्लनला आपलंच बोट तोडून टाकावंसं वाटलं.

तळावर त्यांच्या जागेत शेजारचे म्हातारे व्हर्जिल छत्री धरून उभे होते. छत्रीखाली घडीची खुर्ची, आणि खुर्चीवर जुनिपर गाढ झोपलेली.

"आलात एकदाचे!" व्हर्जिल कावून म्हणाले. "तुमची महाराणी खुर्चीवरून हलायला तयार नाही. ऊन लागेल म्हणून सकाळपासून उभा आहे. तिकडे माझं पिवळं बेपत्ता, ते शोधायलाही जाता येईना!"

आर्लनने पिवळं त्यांच्या हातात दिलं. लोर्ना जुनिपरला छातीशी धरून आधी रडली, मग हसली. बऱ्याच वेळाने आर्लनकडे न बघता म्हणाली, "खुर्ची ठेवलीस ते बरं केलंस."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा उद्यानाकडे निघाले, कारण डोंगर बघायचे राहूनच गेले होते. आर्लन बटणापाशी उभा राहिला आणि सगळ्या तळाला ऐकू जाईल असा ओरडला, "मांजर?"

"दिसलं!" लोर्ना म्हणाली.

बोट बटणाला टेकणार, तोच पलीकडून व्हर्जिलचा आवाज आला, "थांबा हो, माझं बघू दे आधी!"