आर्डिसबाईंच्या डाव्या मनगटाची बखर

सकल हेगविककर लुथेरन मंडळींच्या हुकुमावरून, चर्चच्या तळघरात, कॉफीच्या बारमाही भांड्याशेजारी बसून ही हकीकत लिहून रुजू केली ऐसीजे. आर्डिसबाई टोलेफ्सरूड यांचे मनगट मोटारीच्या अपघातात मोडले, त्याची नुकसानभरपाई विमा कंपनीकडून वसूल जाहली आणि बाईंची फत्ते झाली. हे वाक्य वाचकांनी वाचलेले नाही. ते येथे लिहिलेलेही नाही. यापुढे कोणी "मिळाले ना शेवटी बाईंना" ऐसे म्हणेल, तर त्याने दुसरीच कोठली बखर वाचली समजावे. बाईंना काही एक मिळालेले नाही, मिळण्याचे चिन्ह नाही, आणि मनगट मोडलेले आहे. येथून आरंभ.

सुभे मिनेसोटा, मौजे हेगविक. या मुलुखाची रीत ऐसी की, कोणी काही देऊ केले असता पहिल्याने नको म्हणावे, दुसऱ्याने नको म्हणावे, आणि तिसऱ्या आग्रहास मान खाली घालून घ्यावे. जो पहिल्याच शब्दास हात पुढे करी तो हावरट, जो तिसऱ्यासही न घे तो गर्विष्ठ, आणि जो एकदाच विचारून थांबे तो बहुधा शेजारच्या आयोवा सुभ्याचा. या रीतीपायी कित्येक मातबर माणसे भुकेली घरी गेली आणि कित्येकांची लग्ने दोन दोन वर्षे लांबली, परंतु रीत बदलावी ऐसे कोणाच्याही मनात आले नाही, कारण बदलू म्हणणारास ते तीनदा म्हणावे लागते.

नोव्हेंबर मासी रविवारी, प्रार्थनेस जाते समयी, धान्यकोठाराजवळील चौरस्त्यावर, जेथे चहूदिशांस 'थांबा' ऐशी पाटी आहे, तेथे उत्तरेकडून आर्डिसबाई आपल्या बदामी गाडीत, आणि पूर्वेकडून राजश्री ड्वेन ग्रोट्यान, गायनवृंदातील खर्जाचे सरदार, आपल्या खाशा पिकअपसहित, एकाच क्षणी येऊन ठाकले. ड्वेनजींनी हात करून बाईंस वाट दिली. बाईंनी काच खाली करून, डावा हात कोपरापावेतो बाहेर काढून, वाट परत केली. मग ड्वेनजींनी दुसऱ्याने दिली आणि बाईंनी दुसऱ्याने परत केली. मग तिसऱ्या खेपेस उभयतांनी परस्परांचा आग्रह मान्य केला आणि दोघेही एकदम निघाले. वेग ऐसा की शेजारून बदक चालते तर पुढे गेले असते. परंतु पिकअप ते पिकअप, आणि बाईंचा हात अद्यापि "आधी तुम्ही" म्हणत बाहेरच होता.

मनगट दोन जागी मोडले. बाई गाडीतून उतरून पहिला शब्द बोलल्या तो दप्तरी नमूद आहे. "सॉरी हं ड्वेन. तुझ्या बंपरला लागलं का रे?"

आता बाईंचे पद काय, तर पंचविसांहून अधिक वर्षे चर्चच्या ऑर्गनची गादी. गावातील प्रत्येक बारसे, लग्न व मर्तिक त्यांच्या बोटांखालून गेलेले. हाडांच्या डॉक्टरांनी हुकूम सादर केला की, शस्त्रक्रिया करून आत धातूची पट्टी बसवावी, मग कैक महिने बोटांची कसरत करावी, तर चौथे बोट जागे होईल; न केल्यास हात चमचा धरण्यापुरता राहील. बाईंच्या स्वतःच्या विम्याची रसद क्ष-किरण आणि प्लास्टर एवढ्यातच संपली. तिकडे गादी रिकामी पाहून मार्लिसबाई क्विटेम यांनी आपला विजेवरचा कीबोर्ड आणून ठाणे बसवले. या कीबोर्डास ढोलाचे बटण आहे, आणि ते बंद करणे मार्लिसबाईंस आजतागायत सापडले नाही. म्हाताऱ्या एल्मरजींची अंत्ययात्रा ब्राझीलच्या सांबा नाचाच्या ठेक्यावर निघाली. शवपेटी वाहणाऱ्यांचे पाय आपसूक तालात पडू लागले, आणि विधवेने ते पाहिले, आणि ती म्हणाली की छान झालं सगळं. तळघरात बसून आर्डिसबाईंनी छतातून तो ठेका ऐकला, आणि त्यांनी तीन दिवस कोणाशी हवापाण्याविषयीही बोलणे केले नाही.

ड्वेनजींचा विमा ज्यांच्याकडे होता ती उत्तुंग गरुड विमा कंपनी. तिच्या वतीने न्यू जर्सीचे राजश्री साल पिंटाउरो यांचा फोन आला. हे गृहस्थ ऐशा मुलुखात वाढले की जेथे नको म्हणजे नको आणि हो म्हणजेही एकदा विचार करावा.

"मॅडम, चूक आमच्या माणसाची आहे. ऑपरेशन, नंतरचे व्यायाम, सगळं आम्ही भरतो. चालेल?"

"छे हो, एवढं कशाला. तसं काही फार दुखत नाही."

"बरं मग. काळजी घ्या."

आणि फोन बंद. बाई फोन कानाशी धरून दुसऱ्या आग्रहाची वाट पाहत उभ्या राहिल्या. पलीकडे पिंटाउरोजींनी 'दावा करणारीने नाकारले' ऐसा शेरा मारून प्रकरण निकालात काढले आणि ते सँडविच आणावयास गेले. सायंकाळी ड्वेनजी, ज्यांनी अपराधाच्या ओझ्याने बाईंच्या घरी रोज एक हॉटडिश, म्हणजे भट्टीत भाजलेले पातेलेभर जेवण, पोचवण्याचे व्रत घेतले होते, बटाट्याच्या गोळ्यांचे थर लावलेले पातेले घेऊन हजर जाहले.

"काय म्हणाला गं?"

"देतो म्हणाला सगळं."

"मग?"

"मी नको म्हटलं."

"ते झालंच. नंतर काय म्हणाला?"

"नंतर ठेवला."

"एकदाच विचारून?"

"एकदाच."

ड्वेनजी पातेल्यासहित खुर्चीत बसले. "त्याच्या घरी कुणी जेवायलाच जात नसेल," ते म्हणाले. मग म्हणाले, "अगं, मग तूच कर ना त्याला फोन."

"मी? मी मागू? आपण होऊन?"

यावर ड्वेनजींनी ऐसी मान फिरवली की जणू कोणी भर जेवणात पगार विचारला.

मग ड्वेनजींनी मोठी मसलत केली. त्यांनी आपल्याच कंपनीस खलिता धाडला की, गुन्हेगार मी, ठोकली मी, तरी माझ्याविरुद्ध दावा लावून बाईंस पैका द्यावा, आणि तसे न केल्यास मी स्वतःवर फार नाराज होईन. ऐसा खलिता कंपनीच्या दौलतीत कधी आला नव्हता. ज्याने मारले तोच मार खाणाराची वकिली करितो, तस्मात दोघे सामील, ऐसा तर्क कंपनीच्या मुत्सद्द्यांनी लढवला, आणि लबाडीची चौकशी करण्यास पिंटाउरोजींस जातीने हेगविकावर रवाना केले.

ते आले तो दिवस लूटफिस्क नामे क्षारात भिजवलेल्या माशाच्या जेवणावळीचा. सारे गाव तळघरात, थरथरत्या पांढऱ्या माशासमोर, चेहऱ्यावर आनंद धरून बसलेले. पिंटाउरोजींस कॉफी विचारण्यात आली. ते नको म्हणाले. पुन्हा विचारण्यात आली. ते नको म्हणाले. मग ओतण्यात आली. "अहो, मी नको म्हटलं ना," ऐसे ते म्हणाले, ते कोणास ऐकू आले नाही, कारण तोवर मासा वाढण्याचे विचारीत होते. मग ताटात उरलेली शेवटची लिंबाची वडी त्यांनी पाहिली. शेवटची घेणे हावरटाचे काम, म्हणून एका बाईने तिचा अर्धा भाग कापून घेतला व अर्धा ठेवला. दुसरीने त्या अर्ध्याचा अर्धा घेतला. सरतेशेवटी एक गृहस्थ एका कणाचे सुरीने दोन कण करीत असता पिंटाउरोजींनी डोळे मिटून घेतले.

वरती मार्लिसबाईंनी भजन छेडले. आर्डिसबाई चौकशीची उत्तरे देत होत्या, आणि प्लास्टराबाहेर राहिलेली त्यांची बोटे टेबलाच्या चादरीवर आपसूक खरे भजन वाजवू लागली. पहिले बोट पडले, दुसरे, तिसरे. चौथ्याची पाळी आली आणि ते पडले नाही, आणि बाई बोलता बोलता थांबल्या, आणि त्यांनी हात मांडीवर घेतला. पिंटाउरोजींनी लबाडीचा कागद बॅगेत परत ठेवला.

"मॅडम, मी लिहितो, लबाडी नाही. ऑपरेशन करून घ्या. आम्ही भरतो."

"उगाच तुमच्या कंपनीला खर्च."

"म्हणजे नको?"

"नकोच."

सारे तळघर काटे-चमचे हवेत धरून राहिले, कारण दोन आग्रह जाहले होते. परंतु पिंटाउरोजींनी बॅग उचलली आणि निरोप घेतला.

येथेच गनीम चुकला. हेगविकात निरोप घेता येतो, निघता येत नाही. मंडळींनी गुडघ्यांवर थाप मारून "तर मग" म्हटले, आणि टेबलापाशी एक निरोप जाहला, जिन्यात दुसरा, कोटांच्या खुंट्यांपाशी तिसरा, ज्यात कोणाच्या तरी बहिणीच्या पित्ताशयाची साद्यंत हकीकत आली. मग फौज गाडीपावेतो चालून गेली. थंडी ऐशी की शब्द तोंडातून निघून तेथेच लटकत. उजवीकडील खिडकीत ड्वेनजी मोठ्या रस्त्याची वाट सांगू लागले. "बर्नहार्टचा गोठा लागेल, तिथून डावीकडे. गोठा जळला, पण वळण तिथेच आहे." डावीकडील खिडकीत आर्डिसबाई प्लास्टरचा हात काचेच्या फटीत टेकून उभ्या.

"मॅडम, हात काढा, काच लावायचीय."

"हो हो, तुम्ही निघा," बाई म्हणाल्या, आणि हात तेथेच राहिला, कारण पाहुणा हलण्याआधी हात काढणे म्हणजे त्यास हाकलणे.

पिंटाउरोजींस इंजिन चालू करून कितीक काळ लोटला होता. त्यांच्या भुवया पांढऱ्या जाहल्या. ड्वेनजी गोठ्याला आग कशी लागली येथपर्यंत आले होते. तेव्हा न्यू जर्सीच्या त्या वीराचा धीर सुटला.

"मॅडम, पाया पडतो. ते ऑपरेशन घ्या आणि मला जाऊ द्या."

ड्वेनजी गोठा अर्धा जळता सोडून आकाशाकडे पाहू लागले. आर्डिसबाईंनी मान खाली घातली.

"बरं. तुम्ही एवढं म्हणताच आहात तर."

"म्हणजे हो?"

"मी नाही कधी म्हटलं?" बाई म्हणाल्या.

तहनामा गाडीच्या टपावर लिहिला गेला आणि बाईंनी उजव्या हाताने दस्तखत केले, येणेप्रमाणे फत्ते जाहली. जानेवारीत शस्त्रक्रिया, त्यानंतर बोटांची कसरत, आणि ईस्टरच्या रविवारी आर्डिसबाई गादीवर रुजू. मार्लिसबाईंचा कीबोर्ड ढोल वाजवीत वाजवीतच मोटारीत घालून घरी पोचवण्यात आला. बाईंचे चौथे बोट जागे आहे, परंतु किंचित उशिरा पडते. मंडळींनी त्याविषयी चकार शब्द काढला नाही. सर्वांनी मिळून किंचित उशिरा गाण्याचे आरंभिले, पाद्रीही हळू बोलू लागले, आणि त्यायोगे रविवारची प्रार्थना बारापावेतो आटोपेनाशी जाहली, आणि हंगाम लागताच बारा वाजताच्या फुटबॉल सामन्याचा आरंभ कोणासही पाहावयास मिळणार नाही ऐसी धास्ती पडली.

तरी सुभे मिनेसोटाच्या दरबारी हेगविककरांचा अर्ज ऐसा की, येत्या सामन्यांच्या हंगामापासून सबंध सुभ्यात दर रविवारी दुपारचे बारा अर्धी घटका उशिरा वाजवण्याचे करावे, आणि सूर्यासही त्याप्रमाणे ताकीद द्यावी, ही विनंती.