दुखणं जाधवांचं, पुस्तक गुप्ताजींना

लिहायला बसलोय खरा, पण आधी माफी मागून घेतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. वडील ई-रिक्षा चालवतात, आई ब्लाउज शिवते, आणि आत्ताआत्तापर्यंत आमच्याकडे अभ्यासाची पुस्तकं सोडली तर वाचायची वस्तू म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. शिवाय इकडे हिंदी मुलखात मी शिकलो हिंदी शाळेत. मराठी बोलतो रोज, पण वाचताना प्रत्येक जोडाक्षरापाशी थांबून विचारपूस करावी लागते. अशा मुलानं एका पट्टीच्या वाचकाबद्दल लिहावं हा आगाऊपणाच आहे. पण आमच्या माधवगंजमध्ये विनूकाकांबद्दल जे बोललं जातं, त्यातलं निम्मं चुकीचं आणि उरलेलं अपुरं असतं. म्हणून हे धाडस.

विनूकाका लोकांना पुस्तकं सुचवतात. यात काही विशेष नाही, पुष्कळ लोक सुचवतात. विशेष हे की ज्याला अडचण आहे, त्याच्या हातात ते कधीच पुस्तक ठेवत नाहीत. ते त्याच्या शेजाऱ्याला देतात.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, काकांचा घर ओळखण्यात घोटाळा झाला असेल. विचारलं तर म्हणाले, "अडचणीतल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं. तो काय वाचणार? शेजाऱ्याला फुरसत असते आणि सल्ला द्यायची हौसही असते. फक्त बिचाऱ्याला माहिती नसते. ती आपण पुरवायची."

त्यामुळे आमच्या गल्लीत एकाच्या घरी नळ गळतो आणि नळदुरुस्तीचं पुस्तक दुसऱ्याच्या घरी येतं. मग संध्याकाळी तो दुसरा पानात बोट घालून पहिल्याच्या दारात उभा राहतो. हसू नका, बऱ्याचदा नळ दुरुस्त होतो. माझ्या वडिलांचा गुडघा दुखायला लागला तेव्हा गुडघ्यांवरचं पुस्तक आमच्या शेजारच्या जाधवमामांकडे गेलं. महिनाभर मामा रोज सकाळी आमच्या जिन्याखाली उभे राहून वडिलांना व्यायामाचे आकडे ओरडून मोजायला लावत. गुडघा बरा झाला. वडील म्हणतात, व्यायामानं नाही, लाजेनं झाला.

काकांकडे कथा-कादंबऱ्या नाहीत. "गोष्टीतल्या माणसाचं छत गळत असेल तर आपण काय करणार? बसून बघायचं फक्त," असं ते म्हणतात. त्यांच्या कपाटांत विहिरी कशा खणतात, कुलपं कशी बनतात, लोणची का बिघडतात, जुन्या किल्ल्यांवर पाणी कसं चढवत, नीळ कुठून कुठे जायची, अशी पुस्तकं आहेत. काही मराठी, बरीचशी हिंदी. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर दौलतगंजच्या रद्दीवाल्यांकडे त्यांनी ती एकेक करून हेरली. रद्दीवाले त्यांना दुरून पाहिलं की चहा सांगतात आणि हातातलं पुस्तक पाठीमागे लपवतात, कारण काका ते उभ्याउभ्या वाचून संपवतात. स्वतः मात्र काकांना भिंतीत खिळा ठोकता येत नाही. एकदा ठोकला होता. तो शेजारच्या देवळाच्या बाजूनं बाहेर निघाला.

पुस्तक द्यायची त्यांची एक पद्धत आहे. दारात उभे राहतात, पुस्तक पाठीमागे. मग ते पुढे करून म्हणतात, "घ्या. पहिली पन्नास पानं सोडा. तिथं लेखक नुसता घसा साफ करत असतो."

इतिहासाचं पुस्तकही ते औषधासारखंच देतात. पलीकडच्या वाड्यात सासू-सुनेचं स्वयंपाकघरावरून जुंपलं होतं. काकांनी त्यांच्या समोर राहणाऱ्या मास्तरीणबाईंना जुन्या राज्यांमधल्या तहांवरचं जाडजूड पुस्तक दिलं. "तह कसा लिहितात ते बघा. आधी हद्द, मग मान, शेवटी खंडणी," असं सांगितलं. बाईंनी खरोखर मध्यस्थी केली. सकाळचा ओटा सुनेचा, संध्याकाळचा सासूचा, आणि फोडणीचा डबा सामायिक. तो तह अजून टिकून आहे. एका लग्नात तर काकांनी नवरदेवाला आहेर न देता त्याच्या शेजाऱ्याला पुस्तक दिलं होतं. विषय होता, पातळ भिंती आणि आवाज.

आता आमची गल्ली नीट सांगतो, कारण पुढे ती लागणार आहे. विनूकाका तळमजल्यावर एकटेच राहतात. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्या डोक्यावर आम्ही. आमच्या डावीकडे जाधवमामा, त्यांच्या पलीकडे गुप्ताजी. उजवीकडे मारुतीचं देऊळ आणि त्याचे पुजारी.

मागच्या हिवाळ्यात गुप्ताजींना काकांनी एक पुस्तक दिलं. ते मधमाश्या पाळण्याबद्दल होतं. गुप्ताजींचं धान्याचं दुकान आहे, ते हुशार आहेत. त्यांनी विचार केला, शेजारी जाधवजी. मधमाशी म्हणजे शहद. शहद म्हणजे शक्कर. ते सरळ जाधवमामींकडे गेले आणि हळू आवाजात म्हणाले, "भाभीजी, घबराना मत. जाधवजी को शुगर है. पंडितजी किताब दे गए हैं." पंडितजी म्हणजे विनूकाका.

त्या दिवसापासून मामांचा चहा बिनसाखरेचा झाला. मामा सगळीकडे सांगत फिरले, "अरे यार, मला काही नाही. माझी कंबर दुखते, बस. कंबर." कुणी ऐकलं नाही. शेवटी रक्त तपासलं, साखर अगदी नीट निघाली. तेव्हा गल्ली म्हणाली, बघा, वेळेवर पथ्य केलं म्हणून.

मी काकांना विचारलं, "काका, मामांसाठी मधमाश्या का दिल्यात?"

काका जरा गडबडले. "मधमाश्यांचं दिलं मी?" मग लगेच छाती काढून म्हणाले, "बरोबरच आहे. मधमाशी कशी सारखी हलत असते. कंबर धरून बसते का कधी?"

मला ते पटलंही. नंतर आठवलं की कपाटात कंबरदुखीवरचं एक पुस्तक होतं, तेवढंच जाड, तशाच निळ्या कापडी बांधणीचं. पण तेव्हा नाही आठवलं. त्याच सुमाराला काका मला खाली बोलावून पुस्तकातलं मोठ्यानं वाचायला लावू लागले होते. "तुझं मराठी सुधारतंय का ते बघू," म्हणायचे. मी अडखळत वाचायचो, ते डोळे मिटून ऐकायचे, आणि मी 'ळ' नीट म्हटला की मान हलवायचे. मला वाटायचं, केवढे उपकार करतात माझ्यावर.

मग एका रविवारी ते आमचा जिना चढून आले. हात पाठीमागे.

"घे," म्हणाले. "हे तुला."

आमच्या घरात अभ्यासाबाहेरचं हे पहिलंच पुस्तक. मी दोन्ही हातांनी घेतलं. डोळ्यांच्या रोगांवरचं होतं, मराठीत, बारीक टाइपात.

"कोणाचं आहे, काका?" मी विचारलं. आमच्या गल्लीत याचा अर्थ, दुखणं कोणाचं.

"ते सांगायचं नसतं. वाच, कळेल."

"पहिली पन्नास पानं सोडू?"

काकांनी जिन्याचा कठडा चाचपून धरला. "नको," म्हणाले. "हे सगळं वाच."

मी कॉलेजातून आलो की रोज वाचायला बसू लागलो. एकेक पान सरकायला वेळ लागे. 'दृष्टिपटल' शब्दापाशी तर मी मुक्कामच केला. आणि मग काचबिंदूचं प्रकरण आलं. इकडे त्याला काला मोतिया म्हणतात. त्यात लिहिलं होतं की तो गुपचूप येतो, गेलेली नजर परत मिळत नाही, उरलेली तेवढी वाचवता येते आणि म्हणून उशीर करू नये. आमच्या शेजारी कुणाची तरी नजर जात होती, काकांना ते ठाऊक होतं, आणि त्यांनी ते काम गल्लीतल्या सगळ्यात हळू वाचणाऱ्या माणसावर सोपवलं होतं.

मी आधी जाधवमामांकडे गेलो. त्यांच्यापुढे हात धरला. "मामा, किती बोटं?"

मामांनी माझ्या काखेतलं पुस्तक पाहिलं. "सुनो," ते म्हणाले, "मागच्या वेळी साखर बंद झाली. आता डोळे म्हणून टीव्ही बंद करणार का? तीन बोटं. आणि नखं काप."

मग देवळात गेलो. पुजारीजी गाभाऱ्यात बसून, चष्म्याशिवाय, बाहेर बाकावर पडलेलं वर्तमानपत्र वाचत होते. मी विचारल्यावर म्हणाले, "भैया, सामने की छत पर पापड़ कौन चुरा रहा है, वो भी दिखता है. नाम बताऊँ?"

डावीकडे ठीक, उजवीकडे ठीक. मी घरी येऊन डोकं धरून बसलो. आई मशीनवर होती. तिला सगळं सांगितलं.

"आणि खालचे?" आई म्हणाली.

"खालचे कोण?"

"कोण म्हणजे? विनूभावजी. ते काय शेजारी नाहीत?" तिनं दातानं दोरा तोडला. "परवा माझ्याकडून सुई ओवून घेऊन गेले. सदऱ्याचं बटण लावायचं होतं. आधी मला ओवून द्यायचे ते."

मी पुस्तक घेऊन खाली गेलो. दुपारची वेळ होती, तरी काकांच्या खोलीत दिवा लागलेला होता. ते कपाटापुढे उभे राहून पुस्तकांच्या पाठींवरून बोटं फिरवत होते, अक्षरांचे उंचवटे लागतात का ते बघत.

"काका," मी म्हटलं, "डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया."

"कुणाला घेऊन?"

"शेजाऱ्याला."

त्यांनी बोट काढून घेतलं. "सगळं वाचलंस?"

"हो. पण तुम्ही सरळ सांगायचं ना."

"अडचणीतल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं," काका म्हणाले. "तुला सांगितलं होतं मी."

मग खुर्चीत बसले. म्हणाले, "माझ्या वडिलांचे डोळे काचबिंदूनं गेले. पण त्यांना वाचून दाखवायला मी होतो. शाळेतून आलो की रोज वाचायचो." एवढं बोलून ते कपाटांकडे बघत राहिले. मी त्यांची छत्री शोधून आणली. बाहेर पाऊस नव्हता.

वडिलांनी आम्हाला ई-रिक्षातून कंपू भागातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. एरवी काका रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचतात आणि तिच्यातल्या चुका काढतात. त्या दिवशी एकही वाचली नाही. इतके दिवस त्यांचं पाटी वाचणं थांबलंय हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही, याचाच मी विचार करत होतो. वडिलांनी आरशातून बघितलं आणि खड्डे चुकवत चालवलं.

दवाखान्यात आत नंबर लागेपर्यंत बाकावर बसलो. काकांचे दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर होते. त्यांच्या बाजूला एक गृहस्थ मान आखडून बसले होते, वळायचं तर पूर्ण अंगानं वळत. त्यांनी दोनदा कण्हल्यावर काकांना राहवलं नाही.

"सुनिए," ते म्हणाले, "आपके पड़ोस में कौन रहता है?"

ते गृहस्थ पूर्ण अंगानं काकांकडे वळले. "क्यों?"

"पढ़ते-वढ़ते हैं?"

तेवढ्यात आतून हाक आली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी काकांची हनुवटी यंत्रावर टेकवली, थेंब घातले, थांबायला सांगितलं, दाब मोजला, परत प्रकाश टाकून पाहिलं. मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. पुस्तक माझ्या छातीशी होतं, आणि पुस्तकात पुढे काय काय लिहिलंय ते मला ठाऊक असल्यामुळे माझी अवस्था काकांपेक्षा वाईट होती. काकांनी मात्र बाईंना एकच प्रश्न विचारला. "काला मोतिया है ना?"

"किसने कहा?" बाईंनी दिवा बंद केला. "काला मोतिया बिल्कुल नहीं है, बाबूजी. सीधा-सादा मोतियाबिंद है, दोनों आँखों में. एक-एक करके ऑपरेशन कर देंगे. फिर पढ़िए, जितना पढ़ना है."

मोतीबिंदू. माझ्या पुस्तकात त्याचं प्रकरण काचबिंदूच्या पुढेच होतं, आणि ते चांगलं संपत होतं. मी तिथंच उभ्याउभ्या ते प्रकरण शोधू लागलो. काका यंत्रावरून हनुवटी न काढता तसेच बसून होते. थेंबांचं पाणी गालावरून वाहत होतं. थेंबांचंच असावं.

बाई कागदावर लिहायला लागल्या. लिहितालिहिता जरा रागानंच म्हणाल्या, "पर इतना पक गया है. आप इतने दिन आए क्यों नहीं?"

काकांनी खिशातून रुमाल काढला, गाल पुसला, आणि भिंतीकडे, म्हणजे साधारण माझ्या दिशेला, बोट केलं.

"डॉक्टर साहिबा, हम तो कब के आ जाते," ते म्हणाले. "क्या करें, हमारा पड़ोसी ज़रा धीरे पढ़ता है."