पुराव्यानिशी बारमाही शाळा

रविवारी चर्चमधून घरी येताच व्हर्ना स्टकविशने युनिव्हर्सिटीतल्या प्राध्यापक अपचर्चना फोन करून मंगळवारच्या सभेचं आमंत्रण दिलं, आणि घोळाला सुरुवात झाली.

बारमाही शाळेवरून गावच्या शाळा मंडळात तीन विरुद्ध तीन असं घोडं अडलं होतं. सातवं मत अध्यक्षा म्हणून व्हर्नाचं. "मी पुरावा बघणार, मगच हात वर करणार," हे तिने किराणा दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत सगळीकडे सांगून ठेवलं होतं. उन्हाळ्याची लांबलचक सुट्टी मोडायची, तिचे तुकडे करून वर्षभर पसरायचे, असा तो बेत. टर्कीचा कारखाना आल्यापासून गावात माणसं वाढली होती आणि शाळेत बाकं पुरत नव्हती. म्हणून मुलांचे चार गट करायचे, तीन गट शाळेत, एक आळीपाळीने सुट्टीवर. नवी इमारत बांधायला नको.

गावात प्रत्येकाकडे आपापला पुरावा होता. टर्की कारखान्याचा मॅनेजर डेल हॉर्नडे याची खात्री होती की उन्हाळ्यात मुलं अपूर्णांक विसरतात. उन्हाळ्यात त्याच्या कामगार बाया मुलांपायी दांड्या मारत, हा भाग वेगळा. पोहण्याच्या तलावाशेजारी आइस्क्रीमची टपरी चालवणाऱ्या लव्हॉन टीगचं म्हणणं असं की लांब उन्हाळ्याशिवाय मुलाचं मन फुलतच नाही. मन कुठल्या फ्लेवरने फुलतं, तेही ती सांगायची.

आणि व्हर्ना? तिची मुलगी शॉना कारखान्यात कामाला. शॉनाची तिन्ही मुलं सगळा उन्हाळा आजीच्या गळ्यात. मागच्या वर्षी त्यांनी दिवाणखान्यात पाण्याचा पाइप सोडून घसरगुंडी केली होती. मिशिगनच्या तळ्याकाठी मैत्रिणीचं लाकडी घर होतं, ती दर जुलैत बोलवायची आणि व्हर्ना दर जुलैत नाही म्हणायची. एक जुलै, फक्त एक जुलै आपल्याला मोकळा मिळावा, एवढंच तिला हवं होतं. पण हे बोलून कसं दाखवणार? आजी म्हटल्यावर नातवंडांचा कंटाळा येऊन चालत नाही. म्हणून पुरावा.

मंगळवारी शाळेचं जिम्नॅशियम भरलं. मागे कॉफी, लिंबाच्या वड्या आणि घरोघरी ओव्हनमध्ये भाजून आणलेले तीन प्रकारचे कॅसरोल. प्राध्यापक अपचर्च कागदांची चळत सांभाळत उभे राहिले, तोच शाळाधीक्षक पोल व्हर्नाच्या कानाशी लागले.

"मॅडम, यांचं नाव विषयपत्रिकेत नाही."

"मग घाला ना."

"पत्रिका शुक्रवारीच लागलीय. नंतर बदलायची नाही, हा ठराव तुम्हीच आणला होता."

"मग नागरिकांच्या वेळेत बोलतील."

"ते या गावचे नागरिक नाहीत."

प्राध्यापक पुन्हा खाली बसायला लागले. इतक्यात डेल उठला. "मी माझी तीन मिनिटं या साहेबांना देतो! बोला साहेब. मी वाचलाय तुमचा लेख." नागरिकांच्या वेळेत नाव नोंदवलेल्या प्रत्येकाला तीन मिनिटं मिळत, आणि ती दुसऱ्याला द्यायची मुभा नियमात होती. पोलनी घड्याळ लावलं.

प्राध्यापक खाकरले. "उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं बरंच विसरतात, विशेषतः गणित. बारमाही शाळांतली मुलं काही पाहण्यांत थोडी पुढे दिसली आहेत. पण—"

घंटी वाजली.

"झालं तर मग!" डेल टाळ्या वाजवत म्हणाला. "आणखी काय पुरावा पाहिजे?"

"अरे, त्यांचं वाक्य तरी पुरं होऊ दे!" लव्हॉन तरातरा पुढे आली. "मीही वाचलाय तो लेख. शेवटपर्यंत वाचलाय, तुझ्यासारखा मथळा बघून नाही. माझी तीन मिनिटं घ्या, प्राध्यापक."

"आभारी आहे. पण दोन्हीकडची सारखी मुलं घेऊन नीट तुलना केली, की तो फरक जवळजवळ नाहीसा होतो. सुट्टी तेवढीच, नुसती वाटून दिलेली. तेव्हा सरसकट फायदा होतो असं म्हणता येणार नाही. मात्र—"

घंटी.

"ऐकलंस का, डेल?"

"'मात्र' म्हणाले ना ते? 'मात्र' ऐकायचंय मला!" डेलने बायकोला कोपराने ढोसलं. ती कॅसरोलची दुसरी वाटी खात होती. तोंड भरलेलं असतानाच तिने हात वर करून आपली मिनिटं दिली.

'मात्र' गरीब घरच्या मुलांबद्दल निघाला. त्यांना कदाचित थोडा लाभ. डेलची बाजू खूश. पुढचा 'तरीही' शिक्षकांच्या दगदगीबद्दल. त्यासाठी लव्हॉनच्या भावाने वेळ दिला. मग 'अर्थात'साठी कारखान्याचा फोरमन, 'असं असलं तरी'साठी तलावाचा जीवरक्षक. प्रत्येक वेळी घंटी नेमकी वाक्याच्या वळणावर वाजे, आणि ज्याची बाजू खाली गेलेली असे तो धावत येऊन वेळ देई. ज्यांनी आठवडाभर आरशासमोर भाषणं घोकली होती, ते एकेक करून मुके झाले. गावाने एक शब्दही न बोलता गावाचा सगळा वेळ संपत आला.

व्हर्ना मान डोलावत ऐकत होती. तिच्या डोक्यात हिशेब चालू होता. फायदा थोडा, तोटाही थोडा. म्हणजे पुरावा कुणाच्याच बाजूचा नाही. जो पुरावा विरोधात नाही, तो आपल्या बाजूचाच धरायला काय हरकत? तळ्याकाठच्या घराचा व्हरांडा तिला दिसायला लागला.

नागरिकांच्या यादीतलं शेवटचं नाव एका म्हाताऱ्याचं. त्याने ऐकू येण्याचं यंत्र काढून ठेवलं होतं. बाकीचे देताहेत म्हणून त्यानेही वेळ देऊन टाकला.

"आता सर्वांत महत्त्वाचं," प्राध्यापक कागद पालटत म्हणाले. "गणितापेक्षा मोठा प्रश्न घरांचा आहे. गट पाडताना पालकांनी एक गोष्ट आधी विचारून—"

"प्राध्यापक," व्हर्ना गोड हसली, "तुम्ही दमला असाल. आमचं समाधान झालंय."

"अजून दोन मिनिटं आहेत मॅडम," पोल म्हणाले.

"समाधान झालंय म्हटलं ना!"

मतदान झालं. व्हर्नाचा हात वर गेला. चार विरुद्ध तीन. डेलने आरोळी ठोकली. लव्हॉन डोळे पुसत लिंबाच्या वड्यांचं ताट झाकायला गेली.

मग पोलनी गटांचा तक्ता पडद्यावर लावला. "शिक्षक मोजके आहेत, म्हणून एका इयत्तेची सगळी मुलं एकाच गटात ठेवलीत. पहिली लाल गटात, तिसरी निळ्या, पाचवी हिरव्या. एक गट आला की दुसरा सुट्टीवर."

मागे कुणाचा तरी चमचा पडला.

"सुट्टी वेगवेगळी? एकाच घरातल्या मुलांना?" व्हर्नाने विचारलं. तिचा आवाज बारीक झाला होता.

"तेच विचारून घ्या म्हणणार होतो," प्राध्यापक टोपी घालत म्हणाले.

तेवढ्यात गर्दीतून शॉना आली आणि आईच्या गळ्यात पडली. तिची मुलं पहिलीत, तिसरीत आणि पाचवीत.

"आई, किती गं विचार करतेस आमचा! मला वाटलं तू उन्हाळ्याला कंटाळलीस, म्हणून यंदा तिघांना दिवसाच्या शिबिरात घालायचं ठरवलं होतं. कारखाना फी भरणार होता. आता शिबिर कसलं होतंय, सगळी मुलं एकदम सुट्टीवर कुठे असणार? पण बरंच झालं. जवळजवळ वर्षभर एक ना एक तुझ्याजवळ राहील. जुलैत धाकटा, ऑक्टोबरात मधली, ख्रिसमसनंतर मोठा."

पलीकडे लव्हॉनने ताटावरचं झाकण पुन्हा काढलं. बोटांवर काहीतरी मोजत ती डेलला म्हणाली, "म्हणजे वर्षभर पाव गाव सुट्टीवर? अरे, मग मी हिवाळ्यातही टपरी उघडते! गरम चॉकलेट ठेवते. घे, वडी घे."

एवढ्यात गावच्या वर्तमानपत्राची पोरगी वही सरसावून व्हर्नासमोर उभी राहिली. "अध्यक्षा मॅडम, इतका अवघड निर्णय! तुमचं मत कशामुळे पक्कं झालं?"

व्हर्नाने लेकीचा हात खांद्यावरून हळूच काढला, ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "पुराव्यामुळे."