नऊ दसरे आणि सटवाजीची तसबीर

श्री. ज्या तेजाने प्रथम रूप दाखविले त्यास नमन, आणि जो काळ तेच रूप हळूहळू पुसून नेतो त्यासही नमन, कारण या हकीगतीत दोघांचाही हात आहे. नाव न सांगावे अशा एका राज्यात, शके एकोणीसशे पस्तीस, विजयनाम संवत्सरी, वैशाख शुद्ध पंचमीस स्वामींनी चित्रशाळेचे चित्रनवीस कोनेरपंत यांस हुजुरात बोलाविले, आणि तेथून पुढे जे घडले ते येथे यथास्थित लिहिले आहे. कोणास बरे वाटावे म्हणोन काही वाढविले नाही आणि कोणास लाज वाटेल म्हणोन काही गाळिलेही नाही.

राज्याची रीत ऐशी होती की, प्रजेपैकी जो कोणी सरकारकामी खर्ची पडला त्याची तसबीर चित्रशाळेत जतन करावी आणि राज्याच्या जाळ्यावर मांडावी, म्हणजे घरच्या माणसांनी आपल्या गावी बसून हातातल्या फोनवर ती पाहावी. ऐशा तसबिरी अकरा हजारांवर जमा जाहल्या होत्या, आणि एकेक फाइल भरल्या पोत्यासारखी जड. शहरात त्या झटकन उमटत, पण डोंगरी गडांवर जाळ्याचा धागा बारीक, तेथे तसबीर उमटू लागली म्हणजे आधी कपाळ येई, मग भुवया येत, आणि नाकापर्यंत येते न येते तो धागा तुटे, मग लोक कपाळासच नमस्कार करून उठत. हे वर्तमान स्वामींच्या कानी आले आणि स्वामी बहुत कष्टी जाहले, आणि आज्ञा केली की, पंत, तसबिरी हलक्या करा, दसऱ्याच्या आत गडोगडी पुरा चेहरा दिसला पाहिजे.

कोनेरपंत हे वयाने पन्नाशीचे, कामाला चोख, बोलण्यात मोजके, आणि आपल्या हातून चूक होत नाही याचा थोडका अभिमान बाळगणारे. त्यांनी मसलत बसविली. त्या काळी तसबिरींच्या जेपेग आणि पीएनजी या दोन जुन्या जाती चित्रशाळेत वडीलधाऱ्यांसारख्या ठाण मांडून होत्या, आणि वेबपी नावाची नवी जात जाळ्यावर नुकती फिरू लागली होती, तिची कीर्ती ऐशी की तोच चेहरा तिसऱ्या हिश्श्याच्या वजनात बसवावा. मग एक वेबपी आणवून चित्रशाळेच्या फोटो दुरुस्तीच्या सॉफ्टवेअरात उघडू गेले, ज्यास तेथील मंडळी कारखाना म्हणत, तर कारखान्याने साफ नाकारिले की ही फाइल आमच्या ओळखीची नाही. तेव्हां यशाजी कारकून, तिशीचा, हातचलाख आणि उतावळा, त्याने फाइलीच्या नावापुढील वेबपी ही अक्षरे खोडून जेपेग लिहिले आणि म्हणाला, पंत, काम फत्ते. कारखान्याने तीही उघडली नाही, आणि सारी शाळा दोन दिवस यशाजीची थट्टा करीत राहिली. मग शोध करिता प्लग-इन म्हणोन एक जोड मिळाली, ती कारखान्यास बसविली, आणि वेबपी उघडू लागली व सेव्हही होऊ लागली.

सेव्ह करतेसमयी कारखाना तीन गोष्टी विचारी. गुण किती ठेवावा, शून्यापासून शंभरापर्यंत. कणभरही न गमावता ठेवावी काय. आणि मूळ फाइल राखावी काय. कोनेरपंतांनी गुण साठावर आणिला, मूळ आणि हलकी ऐशा दोन तसबिरी शेजारी मांडिल्या, आणि शाळेतल्या झाडून साऱ्या माणसांस, दारावरच्या पहारेकऱ्यापर्यंत, बोलावून विचारिले की यातली मूळ कोणती ते सांगा. कोणासही सांगता येईना. स्वतः पंतांसही येईना. तेव्हां त्यांचा जीव भांड्यात पडला, आणि जागेची ओढ होतीच, म्हणोन दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नास नको म्हणोन उत्तर दिले आणि अकरा हजार तसबिरी हलक्या करून मूळ काढून टाकिल्या. दसऱ्याच्या आधीच गडोगडी पुरे चेहरे दिसू लागले, लोकांनी दुवा दिला, आणि स्वामींनी भर दरबारात पंतांच्या खांद्यावर शाल घातली. यात त्यांचे काही चुकले ऐसे त्या दिवशी कोणीही म्हटले नसते, आणि ही बखर लिहिणाराही त्या दिवशी टाळ्या वाजविणाऱ्यांतच होता.

आता चित्रशाळेची एक फार जुनी चाल होती, ती सांगणे जरूर आहे. दसऱ्यास जैसी शस्त्रे काढून पुसतात, तैसी कागदी तसबिरींच्या काळापासून दर दसऱ्यास प्रत्येक तसबीर काढावी, मऊ फडक्याने तिच्यावरील धूळ झटकावी, कोपऱ्यात त्या सालचा शक बारीक अक्षरात लिहावा आणि पुन्हा जागी ठेवावी. हीस उजळणी म्हणत. तसबिरी कारखान्यात आल्या तरी पंतांनी चाल मोडली नाही, उलट अभिमानाने चालविली. फडक्याच्या ठिकाणी उजेड केसभर चढवावा, कोपऱ्यातला जुना शक काढून नवा लिहावा, आणि तीच फाइल त्याच नावाने पुन्हा सेव्ह करावी. अकरा हजार वेळा हे हाताने कोण करणार, म्हणोन पंतांनी कारखान्यास एक हुकूम शिकवून ठेविला होता. दसऱ्याच्या सकाळी हळदकुंकू वाहून एक कळ दाबावी, मग कारखाना एकामागून एक तसबीर आपणच उघडी, उजळी आणि मिटवी, आणि सायंकाळपर्यंत सारी शाळा आपट्याची पाने वाटून घरी जाई. कागदाच्या काळी फडके फिरविणारा हात प्रत्येक चेहऱ्याकडे पाहत असे. आता कोणी पाहत नव्हते. मग शके एकोणीसशे बेचाळीस, शार्वरीनाम संवत्सरी एव्हिफ नावाची त्याहूनही हलकी जात आली, आणि पंतांनी झिजल्या वेबपीवरूनच साऱ्या तसबिरी एव्हिफात उतरविल्या, आणि उजळणी पुढे चालू राहिली. येणेप्रमाणे नऊ दसरे गेले.

शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत्‌नाम संवत्सरी, भाद्रपद मासी, भोरखडा गडावरून गजराबाई नावाची बाई चित्रशाळेत आली. तिचा घरधनी सटवाजी हा त्या गडावरचा तारवाला. अकरा वर्षांमागे वादळात जाळ्याची तार तुटली, ती सांधावयास मनोऱ्यावर चढला, तार सांधली आणि स्वतः खाली आला तो जिवंत आला नाही. त्याची एकच तसबीर होती, कागदाची, तिला कडेने वाळवी लागली होती, म्हणोन बाईने ती सरकारात दिली होती की इथे तरी राहील. शाळेने ती उतरवून घेऊन कागद परत धाडिला होता, आणि तो पुढे वाळवीने पुरताच खाल्ला. आता गडकऱ्यांनी मनोऱ्याच्या खोलीत सटवाजीची मोठी तसबीर दसऱ्यास लावावी ऐसे ठरविले, आणि ती न्यावयास बाई स्वतः दोन दिवसांची वाट चालून आली. पंतांनी तिला बसविले, पाणी दिले, तसबीर मोठी करून कागदावर छापविली आणि तिच्या हाती दिली. बाईने ती उजेडाकडे धरली, मग जवळ घेतली, मग पुन्हा लांब धरली.

"पंत," ती म्हणाली, "ह्यो कोन?"

पंतांनी क्रमांक ताडून पाहिला, चार हजार दोनशे सतरा, आणि म्हणाले की बाई, हाच तुमचा धनी. तेव्हां बाईने तसबीर मांडीवर ठेविली आणि हळूच सांगितले, "डाव्या डोळ्याखाली तारंचा वण हुता त्येच्या. आन् हसाय लागला की व्हटाची एक बाजू आधी हलायची, ती त्या फोटूत दिसायची. ह्यो गुळगुळीत मानूस माझा न्हाई."

पंतांच्या मनी आधी आले की, बाईची नजर मंदावली असेल. मग ते कारखान्यापाशी बसले, तसबीर मोठी केली, आणखी मोठी केली, आणि त्यांचे हात जागीच थांबले. चेहऱ्याच्या जागी मेणासारखे गुळगुळीत काही होते आणि गालावर चौकटीच चौकटी पडल्या होत्या. वण नव्हता. ओठाची कड नव्हती. कोपऱ्यातला शक मात्र ठसठशीत होता, कारण तो दर साली नवा लिहिला जात होता. मग पंतांनी दुसरी तसबीर उघडली, तिसरी उघडली, विसावी उघडली, आणि सर्वांचे तेच, फोनच्या इवल्या चौकटीत मात्र ते आजवर कोणास उमगले नव्हते. पूर्वीच्या सालांच्या नकला शोधिल्या, तर जागेसाठी मागील सालची नक्कल दर साली काढून टाकावी हाही हुकूम पंतांचाच होता. दर वेळी सेव्ह करिता तसबिरीतले थोडके गळत होते, एका वेळेस जे गेले ते कोणाच्याही नजरेस येण्यासारखे नव्हते. नऊ वेळा गेले आणि माणूसच गेला.  पंतांनी बाईस एवढेच सांगितले की काही दुरुस्ती करणे आहे, तीन दिवस धर्मशाळेत राहावे.

यशाजी, जो आता पोक्त जाहला होता, त्याने पंतांस एकांती घेतले आणि म्हणाला की, कारखान्यात नवी कळ आली आहे, ती गेलेला चेहरा आपल्या अकलेने भरून देते, वण सांगाल तेथे वण काढते, बाईस काय कळणार. पंत हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. तिसऱ्या दिवशी यशाजीने तसबीर आणून मांडिली, आणि ती पाहून पंत चकित जाहले. मिशीचा केस अन् केस वेगळा, डोळ्यांत पाणीदार तेज, डाव्या डोळ्याखाली जेथल्या तेथे वण. इतकी सुरेख तसबीर साऱ्या शाळेत दुसरी नव्हती. मार्गशीर्षात पंतांची निवृत्ती ठरलेली, स्वामी पुन्हा शाल घालणार हे सर्वांस ठाऊक, आणि ही तसबीर बाईच्या हाती दिली तर गोष्ट येथेच मिटत होती. पंत बराच वेळ त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. त्यांना वाटले, हा माणूस कधी मनोऱ्यावर चढलेला नाही. आणि त्यांना आपली फार लाज वाटली, इतकी की यशाजीकडेही पाहवेना. मग त्यांनी बाईस बोलाविले, दोन्ही तसबिरी तिच्यापुढे ठेविल्या आणि सांगितले:

"बाई, तुमच्या धन्याचा चेहरा चोरीस गेला नाही, जळालाही नाही. तो मी पुसला. नऊ दसरे, दर साली थोडा थोडा, आणि पूजा म्हणोन पुसला. ही दुसरी आहे ती यंत्राने रचलेली आहे. ती त्यांची नाही."

 बाईने रचलेली तसबीर हाती घेतली, वणावरून बोट फिरविले, आणि म्हणाली, "चांगला हाय की. कुनाचा तरी असंल." आणि ती खाली ठेवून दिली. मग पदराने डोळे पुसले आणि कोणी न विचारता सटवाजीविषयी सांगू लागली, जैसे घरात बसून सांगावे तैसे. पंत ऐकत होते आणि ऐकता ऐकता त्यांच्या ध्यानी आले की, जाळ्यावर मांडलेल्या प्रत्येक तसबिरीच्या पाठी वर्णनाचा एक रकाना असतो. ज्यास डोळ्यांनी दिसत नाही त्याचा फोन तो वाचून दाखवितो, आणि जेथे धागा बारीक तेथे तसबीर उमटली नाही तरी तिच्या चौकटीत ते शब्द उमटतात. अकरा हजार तसबिरींच्या त्या रकान्यात शाळेने आजवर नुसता क्रमांक भरला होता. मग पंतांनी कारखाना मिटविला, तो रकाना उघडिला आणि म्हणाले, "बाई, जरा सावकाश सांगा. तुम्ही म्हणाल तैसेच लिहितो." आणि बाई सांगत गेली आणि चित्रनवीस लिहीत गेले, चाळीस वर्षांच्या चाकरीत प्रथमच चित्रावाचून.

दुसरे दिवशी पंत हुजुरात गेले, सारे निवेदन केले आणि शाल घडी करून पायाशी ठेविली. स्वामी म्हणाले की हलक्या करा हे आम्हीच सांगितले होते, मूळ राखा हे सांगावयाचे आम्हासही सुचले नाही. शाल त्यांनी परत घेतली, रागे भरले नाहीत. मग हुकूम निघाला की, उजळणी आजपासून बंद. नवी तसबीर येईल ती कणभरही न गमावता मूळ राखावी, त्या मुळास कोणी हात लावू नये, जाळ्यासाठी हलकी नक्कल काढणे ती दर वेळी मुळावरूनच काढावी. आणि अकरा हजार घरी माणसे धाडावी, ज्यांच्यापाशी कागद असेल त्यांचा कागद पुन्हा उतरवून घ्यावा, नसेल त्यांचे सांगणे लिहून घ्यावे. यशाजीने पहिल्या चारशे घरांचे काम आपणहून मागून घेतले.

दसऱ्याच्या दिवशी भोरखड्यावर सोसाट्याचा वारा होता आणि धागा रोजच्याहूनही बारीक. मनोऱ्याच्या खोलीत गडकरी जमले, गजराबाईच्या सुनेने फोन धरिला, आणि चौकट उमटली पण तसबीर काही येईना. चौकटीत शब्द तेवढे आले. सुनेने ते मोठ्याने वाचले: "सटवाजी तारवाला. डाव्या डोळ्याखाली तारेचा वण. हसतो तेव्हा ओठाची उजवी कड आधी हलते, मग बाकीचा हसतो. फोटो काढणारा उभा राहा म्हणाला म्हणून उभा आहे, नाहीतर बसून बिडी ओढत असता. खिशात पक्कड आहे, ती दिसत नाही." गजराबाई डोळे मिटून ऐकत होती. वाचणे संपले तरी तिने डोळे उघडले नाहीत, आणि म्हणाली, "आता दिसला."

सारांश इतकाच की, त्या राज्यात तसबिरी हलक्या जाहल्या आणि चेहरे झिजले, कागद मिळाले त्या घरचे चेहरे परत आले आणि बाकीच्यांचे शब्दांत राहिले. कोनेरपंत मार्गशीर्षात शालीवाचून घरी गेले. तसबीर चार हजार दोनशे सतरा आजही तैसीच धूसर आहे, तिच्या कोपऱ्यात शके एकोणीसशे त्रेचाळीस हेच साल आहे, आणि त्यानंतर तिला कोणी उजळली नाही. लेखनसीमा.