डाव्या बाजूचं अस्वल

"काढलेला माल मिस्त्रीचा असतोय, सर. आमच्या धंद्याचा कायदाच हाय तो," महादेवप्पा मिस्त्री म्हणाला आणि नागसेनच्या हातातला चहा पँटीवर सांडला. चटका चांगलाच बसला होता, पण तो त्याला घरी गेल्यावर कळला.

नांदेडच्या पाटबंधारे कचेरीत लिपिक असलेला नागसेन जगात दोनच गोष्टींना भीत असे. एक साहेबांची बेल आणि दुसरे सासरे. साहेब निदान दर तीन वर्षांनी बदलून जात. निवृत्ती सोनकांबळे, रिटायर्ड वनक्षेत्रपाल, मुक्काम किनवट, हे मात्र पंधरा वर्षांपासून त्याच पदावर होते. आणि महादेवप्पाने जे काढून भंगारात दिलं होतं, ते याच सासऱ्यांच्या फियाटचं पुढचं बंपर होतं.

साधं बंपर असतं तर नागसेनने एक वेळ हिंमत केली असती. पण या बंपरच्या डाव्या बाजूला एक पोचा होता, आणि तो पोचा अस्वलाने पाडलेला होता. मामींच्या, म्हणजे नागसेनच्या सासूबाईंच्या, भावाचं इस्लापूरला लग्न होतं. मामा, म्हणजे हे सासरे, सकाळी निघाले आणि तिथे पोचले तेव्हा मांडववाला खुर्च्या मोजत होता. मामींनी जाब विचारला. मामांनी बंपरकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "अस्वल." त्या दिवसापासून आज तीस वर्षं झाली, किनवटच्या घरी येणाऱ्या पाहुण्याला मामी आधी पोचा दाखवत आणि मग पाणी देत. पंचशीलेने, म्हणजे नागसेनच्या बायकोने, लहानपणी एकदा विचारलं होतं, "बाबा, पोच्यात पिवळा रंग कामून लागलाय?" तेव्हा बाबा म्हणाले होते, "अस्वल मधाच्या पोळ्यावरनं उठून आलं होतं." त्यावर पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

यंदा वन्यजीव सप्ताहात किनवटच्या एका आश्रमशाळेने मामांचा सत्कार ठरवला होता. सोमवारी गाडी अंगणात उभी करायची, मुलांना पोचा दाखवायचा आणि मामांनी प्रसंग सांगायचा. त्यासाठी मामांनी गाडी नांदेडला जावयाकडे पाठवली होती. "धुवून, पुसून, पॉलिश करून ठेवा. बाकी कशाला हात लावायचा न्हाई," एवढंच ते बोलले होते.

नागसेनने हात लावला तो निव्वळ प्रेमापोटी. त्याच्या मोबाइलवर जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा एक ग्रुप होता. तिथे कुणीतरी लिहिलं होतं की काळ्या रबरी टोकांची बंपरं नंतर आली, फियाटची खरी शान म्हणजे आधीची जाड क्रोमची बंपरं. नागसेन फोटो बघत बसला. मग त्याला सुचलं की गाडीला जुन्या पद्धतीची चकचकीत बंपरं बसवावीत आणि पोच्याचं बंपर किनवटच्या बैठकीत भिंतीवर लावावं, खाली पाटी लिहून. मामा खूश होतील, पाठीवर हात ठेवतील, असं सगळं त्याच्या डोळ्यासमोर आलं.

"बाबांना विचारलं का?" पंचशीला म्हणाली.

"सरप्राइज हाय."

"तुमच्या सरप्राइजचं मला लई भ्या वाटतंय."

महादेवप्पाने हैदराबादहून जोडी मागवली आणि मंगळवारी बसवली. बुधवारी नागसेन जुनी बंपरं न्यायला गेला, तेव्हा हा धंद्याचा कायदा त्याला पहिल्यांदा कळला.

"अरे, पण त्याच्यावर अस्वलाचा पोचा होता!"

"मला काय म्हाईत, सर? मला वाटलं, म्हशीचा हाय."

भंगारवाल्याकडे मागचं बंपर केव्हाच कापून ट्रकमध्ये गेलं होतं. पुढचं मात्र शाबूत निघालं होतं. "सकाळी एक अम्मा घेऊन गेली. शेळ्यावाली. देगलूर नाक्याकडची," तो म्हणाला. नाव, पत्ता, काही नाही.

घरी आल्यावर नागसेनला आणखी एक बातमी मिळाली. पंचशीलेने बंपर बदललेल्या गाडीचा फोटो बाबांना पाठवून दिला होता.

"कामून पाठवला?" नागसेन जवळजवळ रडला.

"मागाहून कळण्यापरीस आधी कळलेलं बरं. तुमची फोनवरच इतकी तंतरली म्हणल्यावर मीच सांगून टाकलं."

फोटोखाली निळ्या खुणा आल्या होत्या. उत्तर नव्हतं. नागसेनने फोन केला, तर तो वाजून वाजून बंद झाला. आता मामा रागाने बोलतच नाहीत, म्हणजे थेट रविवारी गाडी न्यायला येतील तेव्हा समोरच बोलणार, हे त्याच्या लक्षात आलं. रात्री झोपेत त्याला अस्वल दिसलं. त्याला मामांच्या मिशा होत्या.

गुरुवार आणि शुक्रवार कचेरी सुटल्यावर तो देगलूर नाक्यापलीकडच्या गल्ल्यांतून शेळ्या शोधत हिंडला. शेळ्या पुष्कळ होत्या. गोठ्यांत डोकावणाऱ्या या चष्मेवाल्या माणसाला दोन ठिकाणी लोकांनी हटकलं आणि एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं. शनिवारी दुपारी त्याने महादेवप्पाला गाडीत घातलं आणि दोघे मिळून निघाले. शेवटी एका घराच्या बाजूला, शेळ्यांच्या वाड्याच्या तोंडाशी, आडव्या दांडीसारखं ते बंपर बांधलेलं दिसलं. डाव्या बाजूला पोचा, पोच्यात पिवळा रंग. नागसेनला भरून आलं.

वाड्याची मालकीण शांतम्मा पाला टाकत होती.

"अम्मा, हे बंपर आमचं हाय. देऊन टाका."

"न्हाई," शांतम्मा म्हणाली. "हे लावल्यापासनं एक शेळी भाईर गेली न्हाई. मग मी काय लावू? तुला लावू?"

महादेवप्पाने तिच्याशी कानडीत बोलून पाहिलं. त्याचा परिणाम एवढाच झाला की ती आता कानडीत नाही म्हणू लागली. मग तिची नजर रस्त्यावर उभ्या असलेल्या फियाटवर गेली. ऊन पडून पुढचं क्रोमचं बंपर झगझगत होतं.

"ते चमकणारं दे. मग हे ने."

नागसेनने एक क्षणही विचार केला नाही. महादेवप्पाने भर रस्त्यात पाने काढले आणि अदलाबदल केली. शांतम्माने नवं बंपर वाड्याच्या दोन खांबांत घातलं. ते बसेना, तेव्हा तिने डाव्या बाजूला धोंड्याने चार ठोके घातले. प्रत्येक ठोक्याला नागसेनने डोळे मिटले. एक दांडगा बोकड पुढे आला आणि क्रोममध्ये दिसणाऱ्या बोकडाकडे रोखून बघत उभा राहिला.

मागचं बंपर क्रोमचंच राहिलं. पण मामा गाडीच्या मागच्या बाजूला कधी फिरकत नसत, या भरवशावर नागसेन त्या रात्री दोन तास झोपला.

रविवारी सकाळी मामा आले. हातात सीताफळांची टोपली होती आणि तोंडात चक्क गाण्याची ओळ होती. नागसेन पाया पडायला वाकला तो लवकर उठेचना.

"जय भीम, जावईबापू! उठा की. फोटो बघितला. पोरी, तुझा नवरा हिरा हाय, हिरा!"

नागसेनला वाटलं, राग फार झाला की माणूस असाच बोलत असावा. तो म्हणाला, "मामा, चूक झाली होती. पण मी सगळं निस्तरलं. बघा, पहिल्यासारखं करून ठेवलं."

मामा अंगणात आले. पोचा बघितला. गाणं थांबलं. त्यांनी सीताफळांची टोपली हळूच जमिनीवर ठेवली आणि म्हणाले, "जावईबापू, जरा गच्चीवर चला."

गच्चीवरून आपल्याला खाली टाकणार, एवढं नागसेनच्या मनात येऊन गेलं. पण वर गेल्यावर मामाच पाण्याच्या टाकीला टेकून खाली बसले.

"कामून लावलं परत?" ते कळवळून म्हणाले. "फोटो बघून मी तीन दिवस सुखानं जेवून राहिलो होतो. फोन उचलला न्हाई, का तर तुमी विचारसाल, परत लावू का."

"पण मामा, अस्वलाचा पोचा..."

"कशाचं अस्वल! मैलाचा दगड होता तो." मामांनी जिन्याकडे बघून आवाज खाली आणला. "लग्नात मला भाषण करायचं होतं. गाडी चालवता चालवता पाठ करून राहिलो होतो. हातवारे करायला दोनी हात सुटले. दगडावर गेलो, पाणी गळालं, आन चार घंटे त्याच दगडावर बसलो."

पिवळ्या रंगाचा उलगडा नागसेनला आत्ता झाला. तो मामांच्या शेजारी बसला.

"मग आता भ्यायचं कशाला? तीस वर्षं चाललंच की."

"उद्या नवे रेंजर येणारेत, वीरेश साहेब. अस्वलावरच शिकलेत म्हणं. नखाचा ओरखडा बघून जनावर सांगतेत. त्यांनी हा दगड वळखला, तर तुमची मामी..." मामांनी पुन्हा जिन्याकडे बघितलं. पंधरा वर्षं ज्याला भ्यालो, तो माणूस आपल्याइतकाच भित्रा आहे हे बघून नागसेनला धीर यायला हवा होता. उलट आता त्याला दोघांची मिळून भीती वाटू लागली.

तासाभरात सासरे, जावई आणि महादेवप्पा शांतम्माच्या दारात उभे होते. आज तिने काहीच आढेवेढे घेतले नाहीत. "न्या ते, माझं मला परत द्या. आरसा लावल्यावानी झालंय. बोकड कालपासनं त्यातल्या बोकडाशी भांडतोय, पाला खात न्हाई."

मामांनी क्रोमचं बंपर हातात घेतलं. डाव्या बाजूला धोंड्याचा खोलगट पोचा होता आणि त्यावर शिंगांचे चांगले सहा-सात ओरखडे. मामा बराच वेळ त्यावर बोटं फिरवत राहिले.

"जावईबापू," ते हळूच म्हणाले, "हे तर खऱ्या जनावराचं हाय."

सोमवारी किनवटच्या आश्रमशाळेच्या अंगणात फियाट उभी राहिली. तीस वर्षांत मामींनी पोचाच बघितला होता, बंपर कधी बघितलंच नव्हतं. त्या "लई चकचकीत केलं, जावईबापू" एवढं म्हणून पहिल्या रांगेत पंचशीलेशेजारी जाऊन बसल्या. मामांनी प्रसंग सांगितला. अस्वल सहा फूट उंच होतं, दोन पायांवर उभं होतं. मुलांनी श्वास रोखले. नागसेनने तर बुधवारपासूनच रोखला होता.

मग वीरेश साहेब गाडीपुढे उकिडवे बसले. खिशातून भिंग काढलं. मामांनी नागसेनचा हात घट्ट धरला.

"ओरखडे जनावराचेच आहेत," साहेब उठून म्हणाले. "यात शंकाच नाही."

टाळ्या वाजल्या. मामांनी हात सोडला. तीस वर्षांनी त्यांचे खांदे खाली आले.

"पण उंची फार कमी आहे," साहेब पुढे म्हणाले. "जोरही कमीच. हे पिल्लू असणार. सहा-सात महिन्यांचं."

मामी खुर्चीवरून उठल्या.

"पिल्लू?" त्यांचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "माझ्या भावाच्या लग्नात त्रिसरण झालं, जेवणं झाली, नवरी बी आली घरात, आन तुमी पिल्लाला भिऊन रानात बसले?"

मामांनी एकदा साहेबांकडे बघितलं, एकदा पोच्याकडे. खरं सांगावं तर मैलाचा दगड होता, गप्प बसावं तर पिल्लू होतं.

"पिल्लाच्या मागं आई होती," ते म्हणाले.

"हो, ते बरोबर आहे," साहेब म्हणाले. "पिल्लू असलं की आई जवळच असते."

मामी खाली बसू लागल्या. नागसेनने डोळे पुसले. तेवढ्यात साहेबांनी भिंग पुन्हा काढलं. "मग आईचे ओरखडे कुठे आहेत, सर?"

"मागच्या बंपरवर," मामांच्या तोंडून निघून गेलं.

साहेब गाडीमागे निघाले. त्यांच्यामागे मुख्याध्यापक, मामी आणि दीडशे मुलं. मागचं बंपर उन्हात लखलखत होतं. त्यावर एक रेघही नव्हती. सगळे वळून मामांकडे बघू लागले.

मामांनी खिन्नपणे नागसेनकडे बोट केलं. तीस वर्षांपूर्वी बंपरकडे केलं होतं तसंच.

"जावईबापूंनी बदललं. मला न विचारता."

"आईचं बंपर?" मामी नागसेनपुढे येऊन उभ्या राहिल्या. "जावईबापू, आवो एवढी शिकली-सवरली माणसं तुमी! कुठं हाय ते आता?"

"भंगारात," नागसेन म्हणाला.

त्या अंगणात त्या दिवशी जे थोडं खरं बोललं गेलं, त्यात हे एक होतं. मामांनी दुःखाने मान हलवली आणि पंचशीला म्हणाली, "मी म्हणलं होतं, बाबांना विचारा म्हणून."